दिवा का विझला?

डोंगरातल्या एका वाडीची ही गोष्ट आहे. वाडीवर दहा-बारा घरे. तारेची वीज कधी असते, कधी नसते. म्हणून एका घराने सोलरचे दिवे बसवले. छपरावर पॅनेल बसले. ओसरीच्या कोपऱ्यात बॅटरी बसली. भिंतीवर एक लहानशी पेटी बसली. घरात दोन दिवे लागले, गोठ्यात एक लागला. सगळे खूश झाले.

पुढे पावसाळा आला. चार दिवस झड लागली. सूर्य कोणी पाहिला नाही. त्याच दिवसांत म्हैस व्यायला आली होती. कोणत्या वेळी व्यायेल त्याचा नेम नव्हता. म्हणून गोठ्यातला दिवा रात्रभर जळत होता.

चौथ्या रात्री अकराच्या सुमारास म्हैस कळा देऊ लागली. आई तिच्याजवळ बसली होती. पारडाचे पाय दिसू लागले, आणि तेवढ्यात दिवा विझला.

"अरे, दिवा गेला बघ! लवकर ये!" आई ओरडली.

थोरला धावत ओसरीवर गेला. पेटीवरचा लाल दिवा लागला होता. "ही पेटीच बिघडली," तो म्हणाला. त्याने दिव्याच्या तारा पेटीतून काढल्या आणि थेट बॅटरीला जोडल्या. झटकन उजेड पडला. पारडू सुखरूप बाहेर आले. सगळे म्हणाले, "पोरगा हुशार आहे हो!"

त्या रात्रीची गोष्ट वेगळी होती. अडीनडीला माणूस काहीही करतो. पण त्या तारा नंतर तशाच राहिल्या. दिवा आता मध्येच विझेना. मग घरात एक पंखाही आला. तोही रात्रभर चालू लागला.

होळी आली आणि दिवे तासाभरात मंद होऊ लागले. पुढे तर अर्ध्या तासात. शेवटी तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आला. त्याने सगळे तपासले आणि म्हणाला, "पेटी चांगली आहे. बॅटरी मेली."

थोरला म्हणाला, "पण दिवा तर ही पेटीच विझवत होती ना?"

मिस्त्री म्हणाला, "विझवत होती, म्हणूनच बॅटरी जिवंत होती."

असे का? ते आज आपण समजून घेऊ.

तिघांचे काम

सोलरच्या दिव्यात तीन मुख्य वस्तू असतात. पॅनेल, बॅटरी आणि पेटी. या पेटीला चार्ज कंट्रोलर म्हणतात. आपण तिला नुसते कंट्रोलर म्हणू.

पॅनेल वीज कमावते. ऊन पडले की त्यात वीज तयार होते. बॅटरी वीज साठवते. दिवसाची कमाई रात्रीसाठी ठेवते. मग कंट्रोलर काय करतो? तो या दोघांच्या मध्ये उभा असतो. कालव्यावरचा पाटकरी तुम्ही पाहिला असेल. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचे, किती सोडायचे, केव्हा बंद करायचे, ते तो पाहतो. कंट्रोलर हा विजेचा पाटकरी आहे.

पाटकऱ्याला पाणी डोळ्यांनी दिसते. वीज डोळ्यांना दिसत नाही. मग कंट्रोलर काय पाहून काम करतो? तो विजेचा दाब मोजतो. हा दाब व्होल्टमध्ये मोजतात. टाकीत पाणी जास्त असले की नळाला जोर येतो. पाणी उतरले की नळाची धार बारीक होते. बॅटरीचेही काहीसे तसेच आहे. बॅटरी भरलेली असली की दाब जास्त. बॅटरी उतरली की दाब कमी.

घरगुती बॅटरीला आपण १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो. पण तिचा दाब नेहमी १२ नसतो. पूर्ण भरलेली बॅटरी थोडा वेळ तशीच ठेवली तर तिचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट असतो. अर्धी उरली की तो १२.२ च्या आसपास येतो. १२ च्या खाली गेला तर बॅटरी बहुतेक रिकामी झाली असे समजावे. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टाचाही फरक नाही. एवढा बारीक फरक ओळखायला कंट्रोलर लागतो.

बॅटरीच्या पोटात काय असते?

साध्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याचा दाब सुमारे २ व्होल्ट. सहा दुणे बारा. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या गंधकाच्या तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये, बुडालेल्या असतात. ही बॅटरी फार जुनी आहे. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने ती १८५९ साली बनवली. सोलरचे पॅनेल मात्र त्या मानाने नवे. आज आपण वापरतो त्या सिलिकॉनच्या पॅनेलचा आरंभ १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला.

दिवा लावला की बॅटरीतली वीज खर्च होते. त्या वेळी शिशाच्या पट्ट्यांवर एक पांढरट थर बसतो. ॲसिडही पातळ होत जाते. बॅटरी पुन्हा चार्ज केली की तो थर निघून जातो आणि ॲसिड पुन्हा कडक होते. हे चक्र रोज चालते. त्यात बिघडण्यासारखे काही नाही.

बिघडते ते दोन कारणांनी. बॅटरी फार रिकामी केली तर, आणि बॅटरी फार भरली तर. उपासानेही मरण आणि अजीर्णानेही मरण!

फार रिकामी केली तर

बॅटरी पार रिकामी केली आणि तशीच ठेवली, तर पट्ट्यांवरचा पांढरा थर कडक होतो. खाऱ्या पाण्याच्या घागरीला आतून खार बसते ना? घासली तरी निघत नाही. तसेच हे. मग कितीही ऊन पडो, तेवढा भाग पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी बाहेरून तेवढीच दिसते, पण आत तिचे पोट लहान झालेले असते. गोष्टीतल्या घराचे असेच झाले. रोज रात्री बॅटरी पार उतरायची आणि रोज तिचे पोट आवळत जायचे.

हे होऊ नये म्हणून कंट्रोलर काय करतो? बॅटरीचा दाब सुमारे ११ ते ११.५ व्होल्टपर्यंत उतरला की तो दिव्यांची वीज तोडतो. त्या वेळी बहुधा लाल दिवा लागतो. म्हणजे पेटी बिघडलेली नसते. पेटी सांगत असते, "बाबांनो, आता पुरे. बैल दमला आहे. सोडा त्याला."

इथे एक गंमत होते. दिवा विझल्यावर थोड्या वेळाने बॅटरीचा दाब आपोआप जरा वर चढतो. मग माणसाला वाटते, बॅटरीत वीज आहे की! पण तो दाब खरा नव्हे. ओझे वाहून दमलेला माणूस घटकाभर बसला की त्याचा श्वास खाली बसतो. म्हणून तो लगेच दुसरे पोते उचलू शकेल काय? नाही. आधी त्याला भाकरी पाहिजे. म्हणून कंट्रोलर लगेच वीज सोडत नाही. बॅटरी पुन्हा चार्ज होऊन दाब साधारण १२.५ च्या वर गेला, की मगच तो दिव्यांची वाट उघडतो.

फार भरली तर

आता दुसरे संकट पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचे पॅनेल कडक उन्हात १७-१८ व्होल्टचा दाब देते. काहीच जोडलेले नसले तर २१ व्होल्टांच्याही वर जाते. एवढा दाब का ठेवतात? ऊन कमी असले, पॅनेल तापले, तरी बॅटरी भरता यावी म्हणून. पण हा दाब बॅटरीवर सतत राहिला तर बॅटरी भरल्यावरही वीज आत शिरतच राहते. मग ती वीज ॲसिडमधले पाणी फोडते. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन वायू होतात आणि उडून जातात. बॅटरीत बुडबुडे येतात. ती तापते. पाणी कमी होते. पट्ट्या उघड्या पडतात आणि खराब होतात.

हायड्रोजन वायू चटकन पेट घेतो. म्हणून बॅटरीजवळ बिडी, काडी, चिमणी कधीही नेऊ नये. बॅटरी बंद पेटाऱ्यात ठेवू नये. तिथे वारा खेळता हवा.

घागर कशी भरतात?

मग कंट्रोलर बॅटरी भरतो तरी कशी? नळावर घागर भरताना पाहा. घागर रिकामी असते तेव्हा आपण नळ पूर्ण सोडतो. पाणी गळ्याशी आले की धार बारीक करतो. नाही तर अर्धे पाणी बाहेर सांडते. घागर काठोकाठ भरली की नळ बंद करतो. कंट्रोलरही तीन पायऱ्यांनी बॅटरी भरतो.

पहिली पायरी. सकाळी बॅटरी भुकेली असते. कंट्रोलर वाट पूर्ण उघडी ठेवतो. पॅनेल जेवढी वीज देईल तेवढी आत जाते. बॅटरीचा दाब हळूहळू चढत जातो.

दुसरी पायरी. दाब सुमारे १४.४ व्होल्टला पोहोचला की कंट्रोलर त्याला तिथेच धरून ठेवतो. पुढे जाऊ देत नाही. या वेळी बॅटरी बरीच भरलेली असते, पण पूर्ण नसते. उरलेली वीज सावकाश आत मुरते. याला तास-दोन तास लागतात.

तिसरी पायरी. बॅटरी भरली. आता कंट्रोलर दाब १३.६ च्या आसपास उतरवतो. घागर भरल्यावर थेंब-थेंब पाणी चालू ठेवावे तसे हे आहे. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी तिची थोडी-थोडी वीज आपोआप कमी होत असते. तेवढीच भर घालत राहायची.

हे आकडे साध्या, पाण्याच्या बॅटरीचे आहेत. बॅटरीच्या जातीप्रमाणे आणि कंट्रोलरच्या बनावटीप्रमाणे त्यांत थोडा फरक पडतो.

उन्हाळ्यात बॅटरी तापलेली असते. तापलेल्या बॅटरीला कमी दाब पुरतो. उष्णता १० अंशांनी वाढली की दाब सुमारे पाव व्होल्ट कमी लागतो. चांगला कंट्रोलर हेही पाहतो. पण बरेच लहान कंट्रोलर स्वतःजवळची हवा किती तापली तेच मोजतात. म्हणून बॅटरी उन्हात आणि कंट्रोलर थंड खोलीत असे करू नये. दोघांना एकाच सावलीच्या जागी, जवळ-जवळ ठेवावे. मात्र कंट्रोलर बॅटरीच्या नेमका डोक्यावर लावू नये. बॅटरीचा वायू वर जातो, तो त्याला लागू नये.

कंट्रोलरचे आणखी एक काम आहे. रात्री पॅनेलमध्ये वीज तयार होत नाही. मग बॅटरीतली वीज उलटी पॅनेलकडे जाऊ पाहते. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतो. तो पाइपातले पाणी परत विहिरीत उतरू देत नाही. तसेच रात्री कंट्रोलर वीज उलटी जाऊ देत नाही.

जमा किती, खर्च किती?

आता तुम्ही म्हणाल, कंट्रोलर चांगला आहे हे पटले. पण दिवा विझतोच, त्याचे काय? त्याला उपाय एकच. घरखर्चासारखा विजेचाही हिशेब ठेवायचा.

पॅनेल ४० वॅटचे आहे असे समजू. चांगल्या दिवसात त्याने ४ तास पुरे काम केले असे धरू. ४० गुणिले ४ म्हणजे १६०. त्यातला काही भाग वाटेत वाया जातो. हाती १२० उरले असे धरा. ही झाली रोजची जमा.

आता खर्च. ५ वॅटचे तीन दिवे, रोज ४ तास. ५ गुणिले ३ म्हणजे १५. १५ गुणिले ४ म्हणजे ६०. जमा १२० आणि खर्च ६०. घर सुखात आहे.

आता २० वॅटचा पंखा ८ तास लावा. २० गुणिले ८ म्हणजे १६०. त्यात दिव्यांचे ६० मिळवा. खर्च झाला २२०. जमा १२० आणि खर्च २२०! रोज १०० ची तूट. ही तूट कोण भरणार? बॅटरी भरते, आणि भरता-भरता मरते.

पावसाळ्यात तर जमाच आटते. ढगाळ दिवसात पॅनेल थोडीच वीज देते. म्हणून झड लागली की पहिल्या दिवसापासूनच हात आखडावा. नको तो दिवा मालवावा. म्हैस व्यायची असेल तर त्या रात्रीसाठी वीज राखून ठेवावी. आणि घरात एक कंदील किंवा विजेरी तयार असू द्यावी. म्हणजे तारा तोडण्याची वेळ येत नाही.

बॅटरीची निगा

कंट्रोलर आपले काम करतो. थोडे काम आपणही करायचे आहे.

१. पॅनेल आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. सकाळी, पॅनेल थंड असताना पुसा. त्याच्यावर झाडाची सावली पडू देऊ नका.

२. पाण्याच्या बॅटरीतले पाणी महिन्यातून एकदा पाहा. कमी झाले असेल तर खुणेपर्यंत भरा. बाजारात बॅटरीचे पाणी मिळते, तेच घाला. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नका. त्यातल्या खारीने बॅटरी खराब होते. ॲसिडही घालू नका. उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे. ज्या बॅटरीला पाणी घालायची झाकणे नसतात, ती उघडू नका.

३. बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा बुरा चढतो. मिस्त्रीकडून तारा सोडवून टोके साफ करून घ्या. तारा घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा.

४. तारा जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल काढायचे, मग बॅटरी. अधिक आणि उणे या खुणा वाचूनच जोडणी करा.

५. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर निदान पाव तास सतत पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

६. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला घर बंद करून जाणार असाल, तर दिवे आणि पंखा बंद करा. पण पॅनेल आणि कंट्रोलर बॅटरीला जोडलेले राहू द्या. जाण्यापूर्वी पाणी भरा. रिकामी बॅटरी कोपऱ्यात टाकून गेलात, तर परत येईपर्यंत ती मेलेली असेल.

७. नवीन बॅटरी घेताना ती कंट्रोलरला चालते का ते विचारा. आता लिथियमच्या बॅटऱ्याही मिळतात. त्यांत पाणी घालायचे नसते. त्यांचे दाबाचे आकडेही वेगळे असतात. शिशाच्या बॅटरीचा कंट्रोलर त्यांना चालेलच असे नाही.

८. जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसे विषारी आहे. मुलांना त्याचा फार धोका असतो. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. तो नव्या बॅटरीच्या किमतीत त्याचे पैसे कमी करतो.

पुढे काय झाले?

त्या घराने दुधाचे पैसे साठवून नवी बॅटरी आणली. मिस्त्रीने तारा पुन्हा कंट्रोलरमधून जोडल्या. जाताना त्याने विचारले, "पेटीबरोबर आलेला कागद कुठे आहे?"

कागद देवाच्या तसबिरीमागे होता. आजवर तो कोणी उघडलाच नव्हता. आई रात्रीच्या वर्गाला जात होती. तिने तो कागद घेतला आणि बोट ठेवून वाचू लागली. "हि-र-वा दिवा, बॅटरी चार्ज होत आहे. ला-ल दिवा, बॅटरी उतरली आहे. दिवे बंद ठेवा."

थोरला खाली मान घालून म्हणाला, "आई, हे तर तिथेच लिहिले होते!"

"होय बाबा," आई म्हणाली. "पण वाचणारे कोण होते?"

आता त्या घरात बॅटरीच्या वरच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. पाणी कोणत्या तारखेला भरले, लाल दिवा कधी लागला, पंखा किती तास चालला, ते आई त्यावर लिहिते. कंट्रोलरच्या दिव्यांचे रंग सगळीकडे सारखे नसतात. तुमच्या पेटीचा कागद तुम्ही वाचा. समजला नाही तर बसवणाऱ्याला विचारा आणि मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. आता तुम्हाला वाचता येते, लिहिताही येते.

आणि एखाद्या रात्री दिवा विझला, लाल दिवा लागला, तर पेटीवर रागावू नका. तारा ओढू नका. कंदील लावा आणि सकाळच्या उन्हाची वाट पाहा.

प्रश्न

१. बॅटरी कोणत्या दोन कारणांनी खराब होते?

२. कंट्रोलर दिवा का विझवतो?

३. बॅटरीत कोणते पाणी घालावे? ॲसिड का घालू नये?

४. तुमच्या घरी सोलरचा दिवा असेल तर रोजची जमा आणि रोजचा खर्च लिहून काढा. खर्च जास्त असेल तर काय कमी कराल?